लहान रिव्हॉल्व्हरचा चाप व हाताची संवय

संग्राहकांच्या हातीं जुन्या कागदांच्या रुमालांबरोबर कधीं कधीं एखादें आखूड नळीचें रिव्हॉल्व्हरही येतें. चाप ओढून पाहिला कीं ‘यंत्र जाम झालें आहे’ असा अभिप्राय बहुधा पडतो. तो बहुतेक वेळां चुकीचा असतो, व त्यावर विसंबून शस्त्र कारागिराकडे गेलें म्हणजे नासतें. म्हणून हें विवरण.

सॅम्युएल कोल्टनें १८३६ सालीं पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बारापूर्वीं अंगठ्यानें चढवावा लागे. चापाचें काम तो सोडण्यापुरतेंच, म्हणून चाप हलका. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सनें १८५१ सालीं चापाच्या एकाच ओढीनें चक्र फिरावें, घोडा उचलावा व पडावा अशी योजना केली. १८५६ सालीं ब्यूमाँटनें दोन्ही रीतींची सोय एकत्र केली. पुढें आत्मरक्षणार्थ खिशांत बाळगावयाचीं शस्त्रें निघालीं, त्यांतील कित्येकांत अ‍ॅडम्सची रीत टिकली. घोड्याचें टोंक वस्त्रांत अडकूं नये म्हणून स्मिथ अँड वेसन कंपनीनें १८८७ सालीं झांकल्या घोड्याचें, पांच काडतुसांचें रिव्हॉल्व्हर काढलें. मुठीमागील पट्टी दाबल्यावांचून त्याचा बार होत नसे. लोक त्यास गमतीनें ‘लिंबू-पिळणी’ म्हणत.

अशा शस्त्राचें वजन सुमारें अर्धा किलो, आणि चापाची ओढ पांच किलोंच्या आसपास. वस्तूच्या वजनाच्या दसपट जोर एकट्या तर्जनीनें लावावयाचा, त्यांत मूठ इतकी आखूड कीं करंगळीस जागा नाहीं. मग नळीचें तोंड ढळल्यावांचून कसें राहील? परंतु हा जडपणा हेंच बहुतेकांचें कुलूप होय. भ्यालेल्या बोटाच्या ओझरत्या स्पर्शानें बार होऊं नये, हा त्याचा हेतु. संस्कृतांत चाप म्हणजे धनुष्य. त्याचीही ओढ अंगीं मुरावी लागते, आणि प्रत्यंचा सैल करून कोणी धनुर्धर होत नाहीं.

माझ्या एका स्नेह्यांनीं (परवाना त्यांजकडे आहे, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें तो लागतोच) घोड्याची कमान कानशीनें पातळ करून घेतली. चाप लोण्यासारखा झाला. पण चांदमारीस पांचांतील दोन काडतुसें उडालींच नाहींत, कारण घोड्याचा आघात दुबळा पडला. शेवटीं नवी कमान घालावी लागली.

मग त्यांनीं सराव धरिला. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं, चक्राचें प्रत्येक घर डोळ्यांनीं पाहून बोटानें चांचपावें, नळी भक्कम भिंतीकडे असावी. घरांत बनावट काडतुसें घालावीं. ज्या जुन्या शस्त्रांत काडतुसाच्या कडेवर आघात होतो, त्यांवर रिकामा सराव मुळींच करूं नये. घोड्याचें टोंक चक्राच्या कांठावर आपटून खांच पडते. तर्जनीचें अग्र नव्हे, पहिल्या पेऱ्याची घडी चापावर ठेवावी व एकसारखें ओढावें. मध्येंच थांबून नेम सुधारूं नये. सोडतांना चाप पूर्ण पुढें जाऊं द्यावा; अर्ध्यावरूनच पुन्हां ओढल्यास यंत्र अडतें किंवा एक घर फुकट जातें. ही चूक नवशिक्याच्या हातून घाईंत हटकून होते. नळीवर नाणें ठेवून तें न पाडतां घोडा पडला पाहिजे. दहा-पंधरा ओढी पुरेत. थकलेलें बोट वांकडेंच शिकतें.

स्नेह्यांचें नाणें तिसऱ्या आठवड्यांत पडेनासें झालें.