पंचायत राज्य : कायद्यात आणि कारभारात

लोकशाहीचा विकास म्हणजे मताधिकाराचा विस्तार, अशी समजूत रूढ असली तरी दोन निवडणुकांच्या मधल्या काळात मतदाराला कारभाराचा जाब विचारता येतो का, हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. आणि महाराष्ट्रातील पंचायत राज्याचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये गाव, गट आणि जिल्हा अशा तीन स्तरांवर लोकनियुक्त संस्था स्थापण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक समितीने गटापेक्षा जिल्हा स्तर बळकट करण्यावर भर दिला आणि १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, रस्ते ही कामे त्यांच्याकडे आली, राज्याला अनेक नेते तेथूनच मिळाले. परंतु निवडणुका वेळेवर घेण्याचे बंधन नसल्याने १९७९ नंतरची जिल्हा परिषद निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली.

ही मोकळीक ७३ व्या घटनादुरुस्तीने काढून घेतली. २४ एप्रिल १९९३ पासून पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा यांना घटनात्मक आधार मिळाला; महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. निवडून आलेल्या बाईंच्या नावाने पतीच कारभार हाकतो, म्हणून ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला, तशाच स्वतःच्या सहीचे वजन ओळखणाऱ्या महिला सरपंचही पुढे आल्या. तरीही इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा आणि मुंबईसह बहुतेक महापालिका प्रशासकांच्या, म्हणजे शासननियुक्त अधिकाऱ्यांच्या हाती गेल्या आणि घटनेने घातलेली मुदत कागदावर राहिली.

दुसरे आव्हान खुद्द गावात आहे. ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा, भरण्यासाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती, अर्थात गणपूर्ती, लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. परिणामी पहिल्या दिवशी माणसे जमली नाहीत, तरी पुढच्या सभेत मोजक्या हजेरीवर ठराव मंजूर होतात आणि इतिवृत्तात ते साऱ्या गावाच्या नावे नोंदले जातात.

याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत जपली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती आणला. तेथे सभेपुढे येणारा विषय थेट पोटापाण्याचा असतो, म्हणून माणसे येतात. ग्रामसभेला निर्णयाचा खरा अधिकार आणि पैसा मिळाल्याशिवाय हजेरीची सक्ती किंवा जागृतीची भाषणे तिला जिवंत करू शकणार नाहीत.