खांदा दोन थाऊ मागे

अमेरिकेत हौशी नेमबाजाच्या गॅरेजमध्ये डोकावलं, तर एखाद्या जाडजूड बाकावर एक लोखंडी प्रेस आवळून बसवलेला दिसतो. इंग्रजी ओ अक्षरासारखी ओतीव चौकट, बाजूला लांब दांडा. दांडा खाली ओढला की मधला दट्ट्या वर चढतो. चौकटीच्या माथ्यावर आटे पाडलेलं भोक असतं, त्यात डाय, म्हणजे आतून पुंगळीच्या आकाराचा साचा, फिरवून बसवतात. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी दट्ट्यावरच्या खोबणीत अडकवायची, डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, दारू भरायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

या छंदातली माणसं दारूच्या वजनावर आणि गोळीच्या बनावटीवर तासन्‌तास बोलतात. डाय मात्र सोबतच्या कागदावर लिहिलंय तशी बसवतात आणि विसरतात. माझ्या मते तिथेच चुकतं. पुंगळी किती दाबायची, हा या कामातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या कागदावर नसतं.

घरगुती भरणीची साधनं जुनी आहेत. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेटिकटमध्ये आयडियल कंपनी काढली आणि चिमट्यासारखं हातात धरायचं अवजार विकायला सुरुवात केली. दुकानापासून दूर राहणारा शिकारी त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरू शकायचा. आजच्या धाटणीच्या डायचा इतिहास मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतून सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवणाऱ्या डाय बनवायला घेतल्या. पॉइंट टू टू या लहान काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळ्यांचंच पितळ गोळीचं कवच म्हणून वापरायची ती युक्ती होती. त्यातून आरसीबीएस कंपनी उभी राहिली. नंतर हॉर्नडी, ली, रेडिंग असे बरेच जण आले. बहुतेकांनी डायचे आटे एकच ठेवले, पाऊण इंचाच्या वर एक सूत व्यास आणि इंचाला चौदा आटे. म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बिनबोभाट बसते.

आता पुंगळीकडे वळू. ती सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची असते. बार उडाला की ती फुगून रायफलच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, आतून घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरला की केसभर आकसते. म्हणूनच चेंबर मागून बंद करणारा बोल्ट मागे ओढला की सहज बाहेर निघते. बाहेर आलेली पुंगळी म्हणजे त्या एका चेंबरचा साचाच असतो, जवळजवळ तंतोतंत. पुढच्या बाराला ती पुन्हा आत शिरावी म्हणून थोडी दाबावी लागते. मान दाबायची म्हणजे गोळी घट्ट बसेल, अंग थोडं बारीक करायचं आणि मानेखालचा उतरता खांदा जरासा मागे सारायचा. हे सगळं डाय एका दमात करते.

पॉइंट थ्री झीरो एट विंचेस्टर हे १९५२ सालचं काडतूस घ्या. पुंगळीच्या बुडापासून खांद्यावरच्या एका ठरावीक वर्तुळापर्यंतचं अंतर इथे महत्त्वाचं. हे वर्तुळ ०.४०० इंच व्यासाचं धरतात. चेंबरमधलं हे अंतर अमेरिकी प्रमाणानुसार १.६३० ते १.६४० इंचाच्या दरम्यान चालतं आणि काडतुसाचं १.६२७ ते १.६३४. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये काम केलेल्याला इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, हे सांगायला नको. वरच्या आकड्यांत सगळ्यात ढिल्या चेंबरमध्ये सगळ्यात आखूड काडतूस गेलं, तर तेरा थाऊंची पोकळी राहते. कारखान्याला कुणाच्याही रायफलमध्ये बसेल असं काडतूस बनवायचं असतं, त्यामुळे त्याला ही सूट घ्यावीच लागते. घरी भरणाऱ्याला ती घ्यायची गरज नसते, कारण त्याची रायफल त्याच्या हाताशी असते.

तरीही डायसोबतचा कागद बहुधा एकच सांगतो. दट्ट्या पूर्ण वर करा, डाय खोबणीला टेकेपर्यंत खाली फिरवा आणि वर अष्टमांश ते पाव फेरा आणखी द्या. प्रेसचे सांधे दाबाखाली किंचित ताणतात, तो ताण भरून काढायला हा जादा फेरा. याने काडतूस कुठल्याही चेंबरमध्ये जाईल, यात शंका नाही. पण खांदा दोन थाऊ मागे गेला की आठ, हे काहीच कळत नाही.

आठ गेला तर काय होतं? घोडा पडताना पिन काडतुसाला पुढे ढकलते. दारू पेटते, पुंगळीच्या पातळ भिंती चेंबरला चिकटून बसतात आणि जाड बूड मोकळं असल्याने मागे बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं, नेमकं बुडाच्या थोडं वर, जिथे जाड भाग संपून भिंत पातळ होते. एका बाराने काही दिसत नाही. पण दर खेपेला तेवढंच दाबलं आणि तेवढंच ताणलं की आतून खाच पडत जाते आणि बाहेर एक चकचकीत कडं उमटतं. जुनी मंडळी कागदाच्या पिनेचं टोक वाकवून आतून भिंतीवर फिरवतात, खाचेत टोक अडखळलं की ती पुंगळी भंगारात. दुर्लक्ष केलं तर एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात, पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि वायू मागे फुटतो. पॉइंट थ्री झीरो एटचा कमाल दाब प्रत्येक चौरस इंचाला ६२,००० पौंड धरला आहे. डोळ्यांवर चष्मा का हवा, हे यावरून समजावं.

इंचाला चौदा आटे म्हणजे डायच्या एका फेऱ्यात एकाहत्तर थाऊ, अष्टमांश फेऱ्यात जवळजवळ नऊ. एक थाऊ हवा असेल तर डाय फक्त पाच अंशांनी फिरवायची, घड्याळातल्या एका मिनिटाच्या खुणेपेक्षाही कमी. हे अंदाजाने होत नाही. त्यासाठी व्हर्नियरला कम्पॅरेटर नावाचा एक भोकाचा तुकडा जोडतात. तो खांद्यावर टेकतो आणि बुडापर्यंतचं अंतर वाचता येतं. आकडा प्रमाणाशी जुळला नाही तरी बिघडत नाही, दोन मापांतला फरक खरा हवा.

समजा उडवलेल्या पुंगळीचं माप १.६३४ आलं. डाय मुद्दाम थोडी वर ठेवून पुंगळी दाबली आणि पुन्हा मोजली तर १.६३६! नवखा इथे व्हर्नियरलाच दोष देतो. पण अंग चहूबाजूंनी दाबलं की पितळ वाट मिळेल तिकडे, म्हणजे पुढे सरकतं आणि खांदा आधी पुढेच जातो. अशा अर्धवट दाबलेल्या पुंगळीवर बोल्ट मिटताना जड जातो. डाय आणखी खाली आली की तिचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडतो आणि तिथून पुढे माप उतरू लागतं. १.६३५, मग १.६३३, मग १.६३२. दोन थाऊ मागे आला की थांबायचं. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलला एक ते दोन थाऊ पुरतात, स्वयंचलित भरणीच्या रायफलला तीन ते पाच ठेवतात, कारण तिथे बोल्ट हाताने रेटायला कुणी नसतं. काही जण बोल्टमधली पिन आणि स्प्रिंग काढून रिकामी पुंगळी घालतात आणि दांडा आपल्या वजनाने मिटतो का ते बघतात. माझ्या लेखी ही कसोटी मापाइतकीच भरवशाची.

नेमकी जागा सापडली की डाय जागेवर धरून ठेवणारी, तिच्या आट्यांवरची कडी आवळायची. जुन्या कड्यांचा स्क्रू थेट आट्यांवर रुतून ते खराब करायचा, म्हणून लोक त्याखाली शिशाचा एक छर्रा घालत. डायला हातच लावायचा नसेल तर रेडिंगच्या खोबण्यांचा संच मिळतो. दोन थाऊंच्या पायऱ्यांनी दोनपासून दहापर्यंत उंची बदलते, डाय आहे तिथेच राहते.

एवढं करूनही पाच-सहा बारांनंतर माप हलतं. पितळ दर वेळी ताठ होत जातं आणि दाबल्यावर जास्त उसळतं. उपाय म्हणजे मान आणि खांदा तापवून नरम करणं. बूड कधीच तापवायचं नाही. घडवलेल्या पितळेत साठून राहणाऱ्या ताणाचा धडा एक प्रकारे हिंदुस्थानातच मिळाला. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि पावसाळा सरल्यावर त्यांना भेगा पडलेल्या आढळत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये कारण मांडलं. थंड पितळ ओढून घडवताना आत राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया. आजही जाणते रीलोडर पुंगळ्या चमकवायला अमोनियाचं पॉलिश वापरत नाहीत.

आपल्याकडे मात्र हा छंद करून पाहू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात तर पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे वापरतात त्या पॉइंट टू टूमध्ये पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, पिनेने ती कडा चेपली की पुंगळीचं आयुष्य संपलं. ते नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं उडवून आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात.

अमेरिकेत राहून हा छंद करणारा कुणी मराठी वाचक असेल तर त्याला एवढंच सांगेन, महागडी डाय घेण्याआधी कम्पॅरेटर घ्या. मोजून बसवलेली साधी डाय पितळ जास्त टिकवते.