रेघोट्यांचा मुलूख

तास चालू असताना वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढणे हा गुन्हा आहे, असे आपणा सर्वांना शाळेपासून बजावण्यात आले आहे. मी तो गुन्हा केला आहे आणि, प्राध्यापकवर्गाची क्षमा मागून सांगते, अजूनही करते. बचावादाखल एक पुरावा सादर करण्याची परवानगी असावी. जॅकी अँड्रेड या ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना त्यांनी टेलिफोनवरचा एक अत्यंत रटाळ निरोप ऐकवला. त्यांपैकी निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरत बसण्यास सांगितले होते. नंतर विचारले तेव्हा या गिरगटणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक मजकूर आठवला. आता आमच्या वर्गातील व्याख्याने रटाळ असतात असा याचा अर्थ मुळीच नाही!

माझ्या रेघोट्यांचे मात्र एक वैशिष्ट्य आहे. इतरांच्या वहीत फुले, डोळे आणि सह्या उमटतात. माझ्या वहीत देश उमटतात. पेन सहज फिरवावे तो किनारा तयार होतो, किनाऱ्याच्या आत डोंगर येतात, आणि मराठीच्या तासाला सुरू झालेल्या बेटावर इतिहासाच्या तासापर्यंत तीन बंदरे वसलेली असतात. कुठेही नसलेल्या मुलखाचे असे नकाशे काढणे ही पुष्कळांना पोरकट करमणूक वाटेल. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडमधील ब्रेमार गावी, सावत्र मुलाच्या संगतीत चित्रे रंगवताना असाच एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशाकडे पाहता पाहता त्याला ‘ट्रेझर आयलंड’ सुचली. पुढे पुस्तक छापायच्या वेळी तो नकाशा टपालात गहाळ झाला. बिचाऱ्याला आपलीच कादंबरी चाळून, अंतरे जुळवून, नवा नकाशा बेतावा लागला. आणि तो त्याला कधीच खरा वाटला नाही. अर्सुला ले ग्विन यांनीही ‘अर्थसी’ची बेटे आधी कागदावर काढली, कथा नंतर लिहिली.

माझी एक मैत्रीण गेली दोन वर्षे एक अद्भुत कादंबरी लिहीत आहे. मेघावती नावाचे राज्य, सात गड, एक शापित राजकन्या वगैरे. तिला नकाशा हवा होता. त्याच सुमारास सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून मी चित्रे काढण्याचा सेकंडहँड टॅब्लेट आणि त्याचे पेन घेतले होते. संगणकावर ‘क्रिता’ नावाची मोफत मिळणारी चित्रप्रणाली घातली, आणि आठ दिवसांत मेघावती उभी केली. फारच देखणी झाली होती. एक डोंगर काढायचा आणि त्याचा छाप पन्नास वेळा उमटवायचा. एक झाड, की त्याचे अरण्य. रेघ चुकली की ‘अनडू’. राजधानी मी मधोमध, उंच पठाराच्या ऐन माथ्यावर वसवली होती, आणि तिच्या पायथ्याशी एका नदीचे दोन फाटे करून एक पूर्वेच्या व एक पश्चिमेच्या समुद्राला सोडला होता.

हा नकाशा मी मोठ्या हौसेने आमच्या भूगोलाच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “अगं, या राजधानीतली माणसं पाणी कुठून आणतात?”

मी माण तालुक्यातील. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहण्यात माझे कितीतरी उन्हाळे गेले आहेत. पाणी कुठून आणायचे हा प्रश्न आमच्या घरात दररोज सकाळी पहिला विचारला जातो. आणि एक अख्खे राज्य निर्माण करताना तोच प्रश्न मला सुचला नाही! सर काही रागावले नव्हते. पण त्या दिवशी खोलीवर परत येताना मला जी शरम वाटली, ती परीक्षेत नापास होऊनही वाटली नसती.

तेव्हापासून मी नकाशा पाण्यापासून सुरू करते. नियम फार नाहीत. पाणी उताराने जाते. ओढे एकमेकांना मिळतात. फुटून वेगळे होतात ते बहुधा समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशातच. दोन नद्यांच्या मध्ये कुठेतरी उंचवटा असतोच, आणि त्याच्या अलीकडचा थेंब इकडे, पलीकडचा तिकडे. महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतील सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, कृष्णेचे पाणी मात्र पूर्वेच्या समुद्राला जाते. गोदावरी तर त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. एवढी विलक्षण गोष्ट कादंबरीत घातली तर वाचक विश्वास ठेवायचा नाही. पण पश्चिमेला सह्याद्रीची भिंत काढा, की लगेच पटते. तीच भिंत पावसाचेही ठरवते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि घाट उतरून खाली वाईला आले की त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. त्याच्याही पूर्वेला आमचे माण. आमच्या हंड्यांच्या रांगेचे कारण असे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

नियमाला अपवाद असतात हे कबूल. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचा एक फाटा, कासिकियारे त्याचे नाव, खरोखरच फुटून अॅमेझॉनच्या खोऱ्यात जातो. हम्बोल्टने १८०० साली त्यातून प्रवास केला. माझ्या मैत्रिणीने हा दाखला माझ्या तोंडावर फेकलाही होता. परंतु अपवाद तो अपवादासारखाच वापरावा. आणि नुसता तर्कही पुरत नाही. बंगालचे पहिले सर्व्हेअर जनरल जेम्स रेनेल, ज्यांच्या मोजणीला तोड नव्हती, त्यांनी १७९८ मध्ये आफ्रिकेच्या नकाशावर ‘काँग’ नावाची लांबलचक पर्वतरांग काढली. नायजर नदी पूर्वेकडे वाहते अशी बातमी मंगो पार्क या प्रवाशाने आणली होती. तिला दक्षिणेच्या समुद्राकडे वळू न देणारा डोंगर हवाच, असा हिशेब त्यात चपखल बसत होता. नायजर पुढे दक्षिणेलाच वळते हे नंतर कळले. डोंगर मात्र नकाशांवर तसाच राहिला. १८८७ ते १८८९ या काळात बिंजर नावाचा फ्रेंच अधिकारी तिकडे फिरून आला आणि तेथे अशी रांगच नाही असे त्याने सांगितले. जवळजवळ नव्वद वर्षे लोक एका काल्पनिक डोंगराला खरा मानत होते, कारण तो पाण्याच्या दृष्टीने शोभत होता.

आता हाताविषयी. दररोज पंधरा मिनिटे, साधा कागद, बॉलपेन, खोडरबर नाही, असा माझा परिपाठ आहे. सर्वांत अवघड किनारा. हात लबाड असतो. त्याला सारख्या लाटा काढायची सवय, आणि मग किनारा रुमालाच्या झालरीसारखा दिसू लागतो. मॅन्डेलब्रॉट यांनी १९६७ च्या एका निबंधात दाखवले की किनारा जितक्या लहान मापाने मोजावा तितका तो लांब भरतो. म्हणजे मोठ्या खाडीच्या आत लहान खाडी, तिच्या आत आणखी लहान. हे हाताला शिकवायला मी मेसच्या मावशींकडून मूठभर तूरडाळ मागून घेते, कागदावर पसरते आणि तिच्या कडेकडेने पेन फिरवते. (मावशींना अजून वाटते की मी खोलीत चोरून वरण शिजवते.)

डोंगरांसाठी आधी माशाच्या कण्यासारखी मुख्य धार, मग तिला दोन्हीकडे फुटणाऱ्या सोंडा, आणि दोन सोंडांमध्ये आपोआप ओढ्याची जागा. नंतर उताराच्या दिशेने आखूड रेघा. जुन्या लष्करी नकाशांत अशाच रेघा असत, उतार जितका तीव्र तितक्या त्या दाट आणि जाड. छाया द्यायची तर उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरावे. स्वित्झर्लंडचे एडुआर्ड इम्होफ यांनी या कलेत आयुष्य घालवले. गंमत अशी की वायव्येचा हा उजेड खरा नव्हे, आपल्याकडे बहुतेक वर्षभर दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. पण तसा खालून उजेड दाखवला, तर डोळ्यांना डोंगराची दरी भासते.

हे सारे कागदावर झाले, की खिडकीतल्या उजेडात त्याचा फोटो काढते आणि मगच संगणकाकडे वळते. ए-फोर कागदाएवढी छपाई स्वच्छ हवी असेल, तर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे २,४८० बाय ३,५०८ ठिपक्यांचे पान घ्यावे. फोटो सर्वांत खालच्या थरात फिका करून ठेवायचा आणि वर नद्या, डोंगर, किनारा, झाडे यांचे वेगवेगळे थर चढवायचे. थरांची ही सोय मात्र केवळ अपूर्व आहे. गाव हलवले तरी नदीला धक्का लागत नाही. पेनची थरथर दाबणारी सोय किनारा काढताना मी बंदच ठेवते. आणि ‘अनडू’ फक्त गावांची नावे लिहिताना. कागदावर पेन घसरले तर त्याचे काहीतरी करावे लागते. मेघावतीचे सर्वांत सुंदर बंदर बसमध्ये बसलेल्या धक्क्यातून झाले आहे. टॅब्लेटवर ते एका क्षणात पुसले गेले असते.

नावांचा प्रश्न आपल्या लिपीपुरता खास आहे. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी पसरून वळणदार नदीच्या काठाने लावता येतात. देवनागरीत अक्षरे दूर केली की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखे दिसते. म्हणून मी नावे हातानेच लिहिते, शिरोरेषेला नदीचे वळण देऊन.

मेघावतीची राजधानी आता पठारावरून खाली, दोन नद्यांच्या संगमावर आणली आहे, कराडसारखी. मैत्रीण चिडली आहे, कारण तिसऱ्या प्रकरणातला पठारावरचा वेढा तिला सगळा नव्याने लिहावा लागला. आता शत्रू पाणी तोडू शकत नाही. पूर्वेकडे, डोंगरांच्या पाठीमागे, मी एक कोरडा तालुका काढला आहे. त्यात अजून एकही गाव नाही. ती रोज विचारते की तिथे कोण राहते, आणि मी वहीच्या मागच्या पानावर आधी एक विहीर शोधते आहे.