न फुटलेल्या अंड्यांची साक्ष

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. त्यांचीच एक जात म्हणजे ड्रोसोफिला, अर्थात फळमाशी. तिच्या अंड्यातून सुमारे एका दिवसात अळी बाहेर येते. अळीच्या छातीचे ३ आणि पोटाचे ८ खंड असतात. पोटाच्या प्रत्येक खंडावर खालच्या बाजूस पुढे बारीक काट्यांचा पट्टा, तर मागे गुळगुळीत जागा. एका पेशीपासून ही आखणी होते कशी?

जर्मन संशोधिका क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड (जन्म १९४२) यांनी १९७८ मध्ये हायडेलबर्ग येथे हा प्रश्न हाती घेतला. जोडीला अमेरिकेचे एरिक वीशाउस होते. दोघांत मिळून प्रयोगशाळा एकच. त्यांनी नर माश्यांना साखरपाण्यातून जनुके बिघडवणारे रसायन पाजले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तर माशी सहसा ठणठणीत राहते. पण अशा नर-मादीच्या संततीत मेंडेलच्या नियमाने चौथ्या हिश्श्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. जनुक अत्यावश्यक असेल तर ती अंडी फुटतच नाहीत. (वर्गात ३:१ शिकवताना आपण वाटाण्यापाशीच थांबतो!) एरवी मेलेली संतती कोण पाहतो? या दोघांना नेमकी तीच हवी होती. कारण अनेक भ्रूणांची कातडी मरण्यापूर्वी तयार झालेली असते आणि तिच्यावरचे पट्टे मोजता येतात.

दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकापाशी बसून त्यांनी हजारो वाणांचे भ्रूण तपासले. बिघाड कसेही विखुरलेले नव्हते. काही भ्रूणांत सलग अनेक खंड गायब, काहींत एकाआड एक, तर काहींत खंड पुरे पण प्रत्येकाची मांडणी चुकलेली. म्हणजे आखणी पायऱ्यापायऱ्यांनी होते : आधी मोठे पट्टे, मग जोड्या, शेवटी एकेका खंडाचा तपशील. १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये अशी १५ जनुके प्रसिद्ध झाली. एका बिघाडात गुळगुळीत जागाच उरत नाही, सगळे अंग काटेरी होते. त्या जनुकाला ‘हेजहॉग’ या काटेरी प्राण्याचे नाव मिळाले. १९९३ मध्ये या जनुकाचे नातलग पृष्ठवंशी प्राण्यांत सापडले. त्यांतल्या एकाच्या बिघाडाने माणसाच्या गर्भात मेंदूचे दोन अर्ध नीट वेगळे होत नाहीत, हे १९९६ मध्ये कळले.

१९९५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना व एडवर्ड लुइस यांना मिळाले. न्युसलाइन-फोलहार्ड मात्र तोवर झेब्रामाशाकडे वळल्या होत्या. पद्धत तीच, सोय एवढीच, की त्याचा पारदर्शक भ्रूण जिवंतपणीच घडताना दिसतो.