शेक्सपिअर-अध्ययन, मराठीतील

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्या श्रेष्ठ इंग्रज नाटककाराच्या कृतींचे मराठी भाषिकांत झालेले वाचन, अध्यापन, भाषांतर, रूपांतर आणि प्रयोग ह्यांचा येथे एकत्रितपणे विचार केला आहे. वर्गातील अभ्यास व रंगभूमीवरील प्रयोग ह्या दोन गोष्टी महाराष्ट्रात बराच काळ परस्परांपासून वेगळ्या नव्हत्या. इंग्रजी शिकविणारा प्राध्यापकच अनेकदा नाटक भाषांतरित करी आणि तोच नटांना भूमिकेचा अर्थ समजावून देई. त्यामुळे मराठीतील शेक्सपिअर-अध्ययनाचा आरंभीचा महत्त्वाचा भाग टीकाग्रंथांत नव्हे, तर भाषांतरे, रूपांतरे व तालमी ह्यांत शोधावा लागतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. पुण्याचे डेक्कन कॉलेज व मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज ह्यांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांना शेक्सपिअर भेटला तो प्रामुख्याने पाठ्यपुस्तकाच्या रूपाने. तथापि नाटकाविषयीची त्यांची कल्पना ह्या वाचनाने मुळातूनच बदलली. संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाच्या मृत्यूने होणारा शेवट सामान्यतः वर्ज्य मानला जाई. विनायक जनार्दन कीर्तने ह्यांनी थोरले माधवराव पेशवे (१८६१) हे नाटक पेशव्यांच्या निधनाने व रमाबाईंच्या सहगमनाने संपविले, त्यामागे हे नवे वाचन होते असे मानण्यास जागा आहे. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर ह्यांचे ऑथेल्लो (१८६७) व नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांचे टेंपेस्ट (१८७५) ही आरंभीची भाषांतरे. ऑथेल्लोचे प्रयोग पुढे पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीने केले. विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांनी सिंबेलाइनवरून तारा (१८७९) हे नाटक रचले. इचलकरंजीकर नाटक मंडळीने बडोद्यास केलेल्या ताराच्या प्रयोगाचे वर्णन हॅरल्ड लिट्लडेल ह्या इंग्रज प्राध्यापकाने १८८० मध्ये मॅकमिलन्स मॅगझीन ह्या नियतकालिकात लिहिले. एखाद्या मराठी प्रयोगाची अशी दखल इंग्लंडमधील वाचकांसमोर येणे त्या काळी विरळच.

ह्या सर्वांत गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) ह्यांचे विकारविलसित (१८८३) अभ्यासाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये आगरकर व टिळक ह्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तेथील वास्तव्यात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचे काम केले. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि स्थळकाळाला भारतीय वेश मिळाला. ‘विकारविलसित’ म्हणजे मनोविकारांचा विलास. सूडाच्या कथेपेक्षा मनातील विकारांची झुंज हा नाटकाचा गाभा आहे, असा अर्थनिर्णय ह्या शीर्षकातच झालेला दिसतो.

तथापि केवळ नावे बदलल्याने कथा दुसऱ्या समाजात रुजत नाही. हॅम्लेटच्या क्षोभाचे एक मूळ आईच्या पुनर्विवाहात आहे आणि तो विवाह आपल्या दिराशी, म्हणजे हॅम्लेटच्या चुलत्याशी, झालेला आहे. एलिझाबेथकालीन प्रेक्षकाला भावजयीशी केलेला विवाह धर्मबाह्य वाटे. आठव्या हेन्रीने कॅथरिनशी झालेला आपला विवाह १५३३ मध्ये रद्द ठरवून घेतला, तो ती आपल्या भावाची विधवा होती ह्याच सबबीवर. महाराष्ट्रातील प्रेक्षकापुढे हा प्रश्न निराळ्या रूपात येत होता. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये, म्हणजे आगरकरांच्या जन्मवर्षीच, झाला होता. पण उच्चवर्णीयांत विधवेचा विवाह हेच पाप समजले जाई. उलट अनेक जातींत पाट लावण्याची चाल रूढ होती. म्हणजे राणीचा अपराध नेमका कोणता, दिराशी लग्न की मुळात पुन्हा लग्न, ह्याचे उत्तर प्रेक्षागृहातील निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे दिले असते. विधवांच्या बाजूने आयुष्यभर लेखणी झिजविणाऱ्या सुधारकाने असे नाटक निवडावे, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. वस्तुतः नाटकातील पाप पुनर्विवाहाचे नसून खुनाचे व विश्वासघाताचे आहे, हे सूक्ष्म वाचनाने उमगते. आणि असे वाचन करावयास लावणे हेच चांगल्या भाषांतराचे कार्य असते. मूळ इंग्रजी संहितेवरील टीपांत हा पेच आढळणार नाही. तो मराठीत आल्यावरच उभा राहिला.

विकारविलसितला रंगभूमीवर कीर्ती मिळवून दिली ती शाहूनगरवासी नाटक मंडळीने. संगीत शाकुंतलच्या (१८८०) यशानंतर सर्वत्र पदांचा बोलबाला असताना ही मंडळी गद्य नाटकांवर उभी होती. इंग्रजी शिक्षण न लाभलेल्या गणपतराव जोशी (१८६७–१९२२) ह्यांनी चंद्रसेनाची भूमिका अजरामर केली. फर्ग्युसन कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर ह्या मंडळीच्या तालमी घेत. ग्रंथांतून मिळालेला अर्थ अशा रीतीने वाचिक व आंगिक अभिनयात उतरला. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या हजारो प्रेक्षकांना शेक्सपिअर कळला तो ह्याच मार्गाने. केळकरांनी टेमिंग ऑफ द श्रू ह्या सुखात्मिकेचे त्राटिका हे रूपांतर केले. रामायणातील राक्षसीचे नाव शीर्षकास दिल्यामुळे नायिकेविषयीचा निवाडा पडदा उघडण्यापूर्वीच होऊन जातो. मूळ नाटकातील संदिग्धता त्यामुळे काहीशी उणावली आहे. गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे झुंजारराव (१८९०) हे ऑथेल्लोचे रूपांतर प्रयोगदृष्ट्या अधिक रेखीव आहे. मात्र व्हेनिसच्या समाजातील मूर सेनापतीचे परकेपण एतद्देशीय नावागावांत तंतोतंत आणणे अवघड असते, ही मर्यादा अशा सर्वच रूपांतरांच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागते. शिवराम महादेव परांजपे ह्यांचे मानाजीराव हे मॅक्बेथचे रूपांतरही त्याच पिढीतील होय.

ह्या अध्ययनाचे फळ स्वतंत्र नाटकांतही दिसते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या सवाई माधवराव यांचा मृत्यू ह्या नाटकातील पेशव्यांच्या दोलायमान मनावर हॅम्लेटची व केशवशास्त्र्याच्या कपटावर इयागोची छाया स्पष्ट आहे. राम गणेश गडकरी ह्यांच्या शोकात्म नाटकांमागेही हा संस्कार आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुकरणाची भूक ओसरली आणि मूळ संहितेशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह वाढला. वि. वा. शिरवाडकर ह्यांच्या राजमुकुट (१९५४) ह्या मॅक्बेथच्या रूपांतराचा प्रयोग हर्बर्ट मार्शल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबई मराठी साहित्य संघाने केला. त्यात नानासाहेब फाटक व दुर्गा खोटे ह्यांच्या प्रमुख भूमिका होत्या. इंग्रजीचे प्राध्यापक असलेले कवी विंदा करंदीकर ह्यांनी किंग लिअरचे राजा लिअर (१९७४) हे भाषांतर केले.

शिरवाडकरांचे नटसम्राट (१९७०) मात्र ह्यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. त्यातील गणपतराव बेलवलकर हा शेक्सपिअरच्या भूमिकांनी घडलेला वृद्ध नट आहे. लिअरप्रमाणे तो सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करतो आणि निराधार होतो. भूमिका व आयुष्य ह्यांतील सीमारेषा त्याच्यापुरती पुसली जाते. शाहूनगरवासींच्या गणपतरावांचे स्मरण ह्या नावाने सहजच होते. येथे शेक्सपिअर भाषांतराचा विषय उरलेला नाही. तो मराठी नटाच्या स्मृतीचा भाग झाला आहे. २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी ह्यांच्या दिग्दर्शनाखाली हॅम्लेट पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आले, ते नाना जोग ह्यांच्या भाषांतरावरून. त्यात नायकाचे नाव चंद्रसेन नव्हते, हॅम्लेट हेच होते.