उतारावर न टिकणारा हातब्रेक

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाट लागतो. अशा चढावर हातब्रेक ओढूनही मोटार मागे सरकू लागली, तर दोष बहुधा तरफेत नसतो. पुष्कळ मोटारींत ही तरफ पोलादी केबलच्या साहाय्याने मागील चाकांच्या ड्रममधील ब्रेक-शू फाकविते. कालांतराने लायनिंग झिजते, केबल ताणली जाते किंवा पावसाळ्यात गंजून अडकते.

केवळ केबल आवळून काम उरकण्याची पद्धत सर्रास आढळते. ती उचित नव्हे. तरफ घट्ट लागते खरी. परंतु शू पूर्णपणे मागे न आल्याने ड्रम तापतो व लायनिंग अधिकच झिजते. म्हणून सपाट जागी पुढील चाकांना अटकाव लावून मागील चाके उचलावीत, केबल सैल करावी, प्रथम शूंचे अंतर जुळवावे आणि नंतरच केबल ताणावी. तरफ सोडताच चाक मोकळे फिरले पाहिजे. लायनिंग तेलकट झाले असल्यास गळती थांबवून ते बदलावे. पुसून भागत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत मोटारीचे तोंड चढाकडे असल्यास पहिला, उताराकडे असल्यास मागचा गिअर टाकून चाकाला दगड लावावा. निघताना मात्र तो रस्त्यात सोडू नये. रात्री असा दगड दुचाकीस्वारास दिसत नाही.