चौतीस सामने आणि सोळा वॉक

१९८७च्या ऑगस्टअखेरीपासून २ ऑक्टोबरपर्यंत सॅन दिएगो पाद्रेसचा नवखा कॅचर बेनितो सांतियागो याने सलग ३४ सामन्यांत किमान एक तरी हिट मारली. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर कोणाही नवोदिताला हे जमले नव्हते. मोसमाची सरासरी .३००, म्हणजे दहा प्रयत्नांत तीन हिट. नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याची निवडही एकमताने झाली. पराक्रम खराच होता. पण एवढ्यावरून त्याला मोठा फलंदाज ठरवणे घाईचे होते, असे माझे मत आहे.

या मालिकेच्या हिशेबात एका हिटचा सामना आणि चार हिटांचा सामना सारखाच. पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने मोह आवरला, तर वॉक मिळून पहिला बेस फुकट हाती येतो. तो तर हिशेबात धरलाच जात नाही. उलट जितके वॉक अधिक, तितकी हिटची संधी कमी. १९४१मध्ये जो डिमॅजिओ या फलंदाजाने सलग ५६ सामन्यांत हिट मारण्याचा विक्रम केला. त्याच दिवसांत त्याची सरासरी .४०८ होती, तर त्याचा समकालीन टेड विल्यम्स याची .४१२. शिवाय पूर्ण मोसमात विल्यम्स शंभरातून ५५ वेळा बेसवर पोहोचला, डिमॅजिओ ४४ वेळा. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते ५६ सामनेच.

सांतियागोने १९८७च्या संपूर्ण मोसमात फक्त १६ वॉक घेतले. त्यामुळे .३०० सरासरी असूनही बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण .३२४वरच थांबले, एवढे तर लीगमधला साधारण फलंदाजही गाठत होता. मिळेल त्या चेंडूवर बॅट फिरवणाऱ्याचे दिवस चांगले असले की हिट पडत राहतात, पण पडणे थांबले की आधाराला काही उरत नाही. पुढच्याच वर्षी त्याची सरासरी .२४८वर आली.

मग ३४ सामने हा निव्वळ योगायोग होता का? तसेही नाही. सामन्यागणिक चार प्रयत्न धरले, तर .३०० सरासरीच्या फलंदाजाला ठरावीक ३४ सामन्यांत रोज हिट मिळण्याची शक्यता अकरा हजारांत एक येते. सरासरी .३५० धरली तर ती आठशेंत एक होते. म्हणजे कौशल्य लागतेच, पण नशिबाचा वाटाही मोठा असतो. सांतियागो पुढे २००५पर्यंत खेळला, मग निवड चुकली कुठे, असाही आक्षेप येईल. निवड चुकली नव्हतीच. गुडघ्यांवर बसूनच दुसऱ्या बेसवर चेंडू फेकणारा त्याचा हात आणि कॅचरकडून सहसा न मिळणारे १८ होमरन हे तिचे भक्कम कारण होते. १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे त्याला गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला, तो त्याच हातामुळे. नुसती मालिका मात्र पुरत नाही. १९८९मध्ये शिकागो कब्जच्या जेरोम वॉल्टननेही ३० सामन्यांची मालिका रचून हाच नवोदित पुरस्कार मिळवला. पण दोन-तीन मोसमांत त्याची संघातली नियमित जागा गेली.